टाकी लावलेला दस्ता

२४ सप्टेंबर १९८३, शनिवार

आज दुकानात टीव्ही सोडून भलतंच काम आलं. माझ्या खोलीतला पोपटराव ज्या घरी ड्रायव्हर आहे, त्या घरचा धाकटा मुलगा मजीद बंदूक घेऊन आला. खरीखुरी, पाखरं मारायची. मी आधी टेबलामागेच सरकलो. मजीदच्या मागे पोपटराव दात काढत उभा. म्हणाला, "आरं निवरती, भितूस काय लेका! मोकळी हाय."

बंदूक अमेरिकन. दस्ता लाकडाचा नाही, काळ्या प्लास्टिकचा, तेल सांडलेल्या बाटलीसारखा गुळगुळीत. या दिवसांत इथे दोहात हवेलाच पाणी सुटलेलं असतं, हात सदा घामट, त्यामुळे मजीदला तो नीट धरवत नाही. कुठल्याशा मासिकातलं दाणेदार मुठीचं चित्र त्याने फाडून आणलं होतं. असं करून पाहिजे म्हणाला. आमचे महमूदसेठ गिऱ्हाइकाला नाही म्हणतील तर शपथ. "निवृत्ती सब कर सकता है," म्हणाले आणि चहा सांगून मोकळे झाले. करायचं मला. आमच्या सबंध मुशैरिब बाजारात रेडिओ-टीव्हीची एवढी दुकानं, पण असली कामं बरोबर माझ्याच डोक्यावर येतात.

२७ सप्टेंबर, मंगळवार

मोडक्या रेडिओच्या झाकणावर हात बसवून पाहिला. सोल्डरिंग आयर्न नेहमीसारखं तापवलं तर प्लास्टिक चिकटून तारा निघाल्या आणि अशी घाण सुटली की महमूदसेठ नाकाला रुमाल लावून बाहेर जाऊन बसले. मग टोक कानशीने घासून गोल केलं, आच उतरू दिली. नुसतं टेकवायचं आणि उचलायचं, दाबायचं नाही. दाणा सुरेख उठला.

मग लक्षात आलं, ही तर टाकी! गावाला टाकारीण यायची, "टाकी लावायची का टाकी" म्हणून गल्लीतून ओरडत. पाटा गुळगुळीत झाला की वरवंटा नुसता घसरतो, मिरची वाटली जात नाही. मग ती छिन्नीने पाट्यावर ठिपके पाडून द्यायची. आई मला तिच्याजवळ बसवून ठेवायची, बाई हात राखून काम करतेय का ते बघायला. आज तिचाच धंदा मी दोहात एसीत बसून करतोय. पोपटरावला हे सांगितलं तर तो हसून लोळायचा बाकी राहिला. आम्ही दोघं माण तालुक्यातले, शेजारच्या गावांतले, आता एका खोलीतले. त्यामुळे टाकी म्हणजे काय ते त्याला फोडून सांगावं लागलं नाही.

६ ऑक्टोबर, गुरुवार

दस्ता पुरा झाला. जिथे तळवा बसतो तिथे दाट दाणे, कडेला विरळ, आणि डाव्या हाताची पुढची पकड आहे तिथेही पट्टा काढला. एकही दाणा दुसऱ्यावर चढलेला नाही. माझं मलाच कौतुक वाटलं, खोटं कशाला बोला.

मजीदने परीक्षा घेतली. पोपटरावच्या हातांना साबण लावायला लावला, ओल्या हातांत बंदूक दिली आणि स्वतः नळीला धरून ओढू लागला. पोपटराव हसतोय, मजीद ओढतोय, बंदूक काही सुटेना. शेवटी मजीदच दमला. "झेन, झेन! बहोत झेन!" म्हणत, म्हणजे छान, छान, त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. महमूदसेठ तर असे मिरवत होते, की जणू दाणे त्यांनीच पाडले.

इथे आल्यापासून टीव्ही चालू झाला की लोक टीव्ही बघतात, माझ्याकडे कोणी बघत नाही. आज बघितलं.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी. मटण केलं. पोपटरावचं तोंड आंबट होतं, रस्साही नीट जेवला नाही. विचारलं तर म्हणाला, "निवरती, ह्या पोराचं शिकारीचं येड वाढाय लागलंय. चालत्या गाडीतनं बार टाकतोय. पाखरू पडलं की मला पळायला लावतो, आन मी माघारी फिरायच्या आत दुसरा बार. परवा गोळी माझ्या कानाजवळनं गेली बघ."

मी म्हटलं, "तुम्ही काही तरी वाढवून सांगताय, पोपटराव."

"वाढवून न्हाई. तुझं ऐकतोय त्यो. मिस्त्री मिस्त्री करत अस्तोय. तू एकडाव बोल त्याला. म्हणावं, ह्याला गाडीतच बसू द्या."

बोलतो म्हटलं. पण मला विचाराल तर ड्रायव्हरकी पत्करली की मालक सांगेल ते करावं लागतं. मला काय बंदुकीला दाणे पाडायला भरती केलं होतं? शिवाय पोपटरावला आपलं दुखणं मोठं करून सांगायची सवय आहे. मागे दाढ दुखली तर खोली डोक्यावर घेतली होती.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. खिडकीत दोन पणत्या लावल्या. संध्याकाळी मर्सी सिस्टर येऊन गेली. ही आमची वसईची, हॉस्पिटलात नर्स आहे, फरीज बिन ओमरानला राहते. टेपरेकॉर्डर दुरुस्तीला आणते आणि हक्काने भांडते. येताना केक आणला होता. पोपटरावने चिवडा केला होता, मीठ दुप्पट.

मी तिला बंदुकांचं सांगितलं. मजीदच्या मित्रांच्याही आता यायला लागल्यात. ती म्हणाली, "निवृत्ती, देवाने हात चांगला दिलाय तर माणसांचे रेडिओ दुरुस्त कर ना. बंदुकीला कशाला हात लावतोस?"

मी म्हटलं, "सिस्टर, मी दस्त्याला हात लावतो. नळी माझ्याकडे नसते." पोपटराव नुसता चिवडा खात राहिला.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

मजीद आला होता. त्याच्या काकांकडे बऱ्याच बंदुका आहेत, त्या सगळ्या माझ्याकडूनच करून घ्यायच्या म्हणतो. मला गाडीत घालून त्यांच्या घरी नेणार, काकांची ओळख करून देणार. पोपटरावचं बोलायचं मनात होतं, जिभेवर आलंही होतं. पण एवढ्या खुशीत असलेल्या माणसापुढे तक्रार कशी काढायची? पुढच्या वेळी बोलेन.

खोलीवर पोपटरावने विचारलं, "बोल्लास?" मी म्हटलं, आज फार गर्दी होती.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

पहाटे उत्तरेचा वारा सुटला आणि थंडीने हुडहुडी भरली. एसी तर महिनाभर बंदच आहे, आज ब्लँकेट डोक्यावरून घेतलं. पोपटराव शिकारीला निघाला तेव्हा हात चोळत माझा स्वेटर मागत होता. झोपेत म्हटलं, न्या.

दुपारी महमूदसेठ स्वतः खोलीवर आले. ते कधी येत नाहीत. दारातच उभे राहिले आणि म्हणाले, पोपट खलास.

मला वाटलं नोकरीवरून काढलं.

२६ नोव्हेंबर, शनिवार

काल पुढे लिहवलं नाही. आजही हात चालत नाही, पण खोलीत दुसरं करायला काही नाही. समोर त्याची खाट आहे.

झालं ते असं सांगतात. तिकडे शिकारीच्या जागी पोहोचल्यावर पोपटराव गाडीतून बंदूक काढत होता. हाताला घाम होता. बंदूक निसटली, दगडावर आपटली आणि बार उडाला. हॉस्पिटलात आणेपर्यंत संपलं होतं. कुणाचा दोष नाही, नशीब.

माझा स्वेटर त्याच्या अंगावर होता. तो कोणाकडे मागणार.

२७ नोव्हेंबर, रविवार

हॉस्पिटलात गेलो. चेहरा दाखवला. झोपेत असायचा तसाच, भुवया वर चढवलेल्या. मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. मर्सी सिस्टरने मला बाहेर नेऊन पाणी दिलं. पोपटरावला आणलं त्या दिवशी तीच ड्यूटीवर होती.

म्हणाली, "निवृत्ती, एक विचारू? हातातून बंदूक पडली म्हणतात. मग जखम पाठीत कशी?"

मी म्हटलं, पडताना तो वळला असेल.

"जवळून लागलेली गोळी वेगळी दिसते. मी बघितलंय ते कपडे." मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "मी बोलले नाही हां काही. पोरं आहेत मला."

डॉक्टरांनी जे लिहिलं ते लिहिलं. नर्सने कशाला त्यात डोकं घालायचं? मी जास्त विचार केला नाही. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे आहे, पोपटरावला गावी कसं न्यायचं. त्याच्या मालकाने कागदांवर सही केल्याशिवाय पेटी विमानात चढत नाही, आणि सही झाली नाही तर इथेच कुठेतरी उरकतील. गावाला तार गेली आहे. त्याच्या बायकोची उलट तार आली ती एवढीच, हौसाबाई म्हणत्यात तोंड दाखवा.

२८ नोव्हेंबर, सोमवार

आज दुकानात बसल्या बसल्या संताप आला. निसटली म्हणजे काय? माझ्या दस्त्यातून? साबणाच्या हातातून जी बंदूक मजीदला ओढून निघाली नाही, ती घामाने निसटली? जो तो येतो आणि मला सांगतो, घामाने निसटली. उद्या लोक म्हणतील निवृत्तीचं काम कच्चं.

महमूदसेठना हे बोललो. ते उठले. मग शटर अर्धं खाली ओढून म्हणाले, "ये बात बाहर मत बोलना. खलास. तुम कारीगर है, कारीगर रहो."

त्यांना वाटतं मी कामाची फुशारकी मारतोय. मारतच होतो म्हणा. पण मग खोलीवर येऊन स्वयंपाक करताना सिस्टरचं बोलणं आठवलं, आणि भात करपेपर्यंत मी तसाच उभा राहिलो. ही थंडी, त्यात घाम कुठला? पण मजीदने मुद्दाम काही केलं असेल हे मला पटत नाही. तो पोपटरावला चाचा म्हणायचा.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

मजीद आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. एकटाच, गाडी स्वतः चालवत. पिशवीत फक्त दस्ता होता, स्क्रू काढून आणलेला. महमूदसेठ उठून आतल्या खोलीत गेले.

मजीद माझ्यापुढे स्टुलावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मलाही रडू आलं. मग म्हणाला, उद्या पोलीस बंदूक न्यायला येणार. बंदुकीवर असलं काम करायची इथे परवानगी नाही, दाणे बघितले तर विचारतील कोणी केले. "तुम्हारा नाम आयेगा, निवृत्ती. मैं नहीं चाहता. इसको पहले जैसा कर दो."

आणि पोपटरावची पेटी? मी विचारलं.

"बाबा साइन करेगा. ये पुलिसवाला काम होने दो, फिर जल्दी जायेगा, इन्शाल्ला. मेरा वादा."

स्वतःवर एवढं दुःख कोसळलेलं असताना पोराला माझं नाव वाचवायचं सुचलं. मी त्याला म्हटलं, संध्याकाळपर्यंत करून देतो.

आधी कानस, मग जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, शेवटी मेण लावून फडक्याने घासला. टाकी लावायला किती दिवस गेले होते, काढायला एक दुपार पुरली. टीव्हीच्या काचेसारखा झाला. काम हातात घेतलं की मला अर्धवट सोडता येत नाही, वाईट खोड आहे.

३ डिसेंबर, शनिवार

मला चौकीवर बोलावलं होतं. पोपटरावचा खोलीतला जोडीदार म्हणून. महमूदसेठ बरोबर आले. अधिकारी वयस्कर, सभ्य, हिंदी चांगलं. चहा दिला. पोपटरावला कशाचं व्यसन होतं का, कोणाशी भांडण होतं का, असं विचारलं. नाही म्हटलं, आणि ते खरंच आहे.

टेबलावर बंदूक होती, दस्ता परत बसवलेला. अधिकाऱ्याने त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा सरसर घसरत गेला. तो स्वतःशीच मान हलवत म्हणाला, "कितना चिकना है. पसीने का हाथ हो तो छूटेगा ही." मग माझ्याकडे बघून, "ये बंदूक तुमने पहले देखी? ऐसी ही थी?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. माझं नाव वाचवायला नव्हता आणला तो दस्ता.

 महमूदसेठ चहाच्या कपाकडे बघत होते. मला साबणाचे हात दिसत होते, पोपटराव हसताना दिसत होता. सांगावं असं मनात आलं, अगदी तोंड उघडलं. पण सही अजून झालेली नव्हती. पोपटराव बर्फात होता आणि तिकडे हौसाबाई तोंड बघायला थांबल्या होत्या. आणि दाणे पाडणारा मी, पुसणारा मी. माझं कोण ऐकणार, आणि ऐकलं तर आत कोणाला टाकणार?

"हां साब," मी म्हटलं. "ऐसी ही थी."

त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. सही मात्र थरथरली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

६ डिसेंबर, मंगळवार

मजीदच्या वडिलांनी काल कागदांवर सही केली. बोलले तसे वागले, यात काही खोट काढता येणार नाही. आज विमानतळाच्या मालाच्या बाजूला पेटी पोहोचवली. मर्सी सिस्टर ड्यूटी सोडून आली होती. तिने पेटीवर हात ठेवून तिची प्रार्थना म्हटली. मी रामकृष्णहरी म्हटलं. पेटीवर पट्टी चिकटवताना तिथल्या माणसाने आडनाव चुकीचं लिहिलं, ते मी भांडून दुरुस्त करून घेतलं. एवढंच भांडण मला जमलं.

जाताना सिस्टरने विचारलं, "तू पोलिसांना काय सांगितलंस?"

मी म्हटलं, विचारलं तेवढं सांगितलं. ती पर्स सावरून ड्यूटीवर निघून गेली.

११ डिसेंबर, रविवार

मजीद आज दुकानात आला नाही, पण काकांची एक बंदूक ड्रायव्हरबरोबर पाठवली. नवा ड्रायव्हर आहे, केरळचा. महमूदसेठ म्हणाले, काम कर, नाही म्हणू नकोस, आत्ता तर मुळीच नको. मी आयर्न तापवलं, आणि प्लास्टिकचा पहिला वास येताच मोरीत जाऊन ओकलो. पोट बिघडलंय असं सांगून सुटलो. किती दिवस बिघडणार?

१६ डिसेंबर, शुक्रवार

म्हसवडच्या पोस्टात हौसाबाईंना आज बोलावून ठेवलं होतं. मी इकडे टेलिफोन ऑफिसात कॉल लावून बसलो होतो. काय बोलायचं ते मनात जुळवून गेलो होतो. पेटी वेळेवर मिळाली का, पोरांच्या शाळेचं काय, मजीदचे वडील चांगले आहेत, असंच सगळं.

लाईन लागली. आवाज लांबून, पण स्वच्छ.

"भावजी, तोंड बघितलं म्या," त्या म्हणाल्या. "तुमचं लई उपकार झालं. मानसं म्हंत्यात, तिकडं मेलेलं मानूस माघारी येत न्हाई."

मी म्हटलं, उपकार कसले वहिनी.

 मागे पोस्टातल्या कोणीतरी खाकरलेलं ऐकू आलं.

"भावजी, एक इचारू का? गावात समदी म्हनत्यात, पोपटच्या हातनं बंदूक सुटली, त्योच बेसावध. थोरला पोरगा शाळंत जाईना झालाय, पोरं चिडवत्यात त्येला. आवो, मी नवी नवरी आसताना इहिरीत पडले हुते. ह्येंनी वरनं एकल्यानं दोर धरला. तळव्याची समदी सालं निघाली, रगत दोरावनं खाली माझ्या तोंडावर गळत हुतं, पर दोर सुटला न्हाई. त्या हातातनं बंदूक सुटली व्हय, भावजी? तुमी तिकडं त्येंच्या खोलीत हुता. खरं काय ते मला सांगा. मी कुनाला बोलनार न्हाई. पोराला तेवढं सांगंन."

पेटी पोहोचली होती. आता माझ्या आड काहीच नव्हतं, फक्त माझी सही होती आणि माझी भीती होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. काचेपलीकडे माणसं आपापल्या नंबराची वाट बघत बसली होती, कोणी माझं मराठी समजणारं नव्हतं. एवढ्या मोकळेपणाने खरं बोलायला मला पुन्हा जागा मिळणार नाही, हेही तेव्हा कळत होतं.

"हो वहिनी," मी म्हटलं. "हात घामट होता. दस्ता फार गुळगुळीत होता."



"मंग तसंच झालं आसंल," हौसाबाई म्हणाल्या. "तुमी कशाला मला खोटं सांगाल."

लाईन तुटली नव्हती. मीच फोन खाली ठेवला.